झोपायची वेळ आणि सरकारी टीव्ही

आमच्या सोलापुरात लाल बावटा म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गिरण्या होत्या तेव्हा पण होता, गिरण्या बंद पडल्या, गाव यंत्रमाग आणि विडीवर आलं तरी आहे, कुंभारीला विडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली ती पण याच चळवळीतनं. त्यामुळं आमच्या आप्पांसारखी माणसं इथं गल्लोगल्ली सापडतात, गिरणीत जन्म काढलेली आणि रशिया म्हणजे मामाचं गाव समजणारी. तर मी मध्यंतरी कम्युनिस्ट देशांतल्या जुन्या टीव्हीबद्दल मिळेल ते वाचायला आणि बघायला लागलो तेव्हा आप्पा खूश झाले, पोरगं उशिरा का होईना लायनीवर आलं असं वाटलं असणार. ती खुशी फार टिकली नाही, पण ते पुढं सांगतो.

मला सगळ्यात मजा वाटली ती ही, की तिकडच्या माणसांना त्या काळच्या टीव्हीबद्दल विचारलं तर एकाच घरातली माणसं तीन वेगळ्या टीव्हीबद्दल बोलतात. आणि हे सगळं ठरतं कशावरनं, तर तेव्हा तुम्हाला झोपायला किती वाजता पाठवायचे त्यावरनं. विचारसरणी वगैरे नंतर. म्हणजे बघा, सोव्हिएत रशियात १९६४ पासनं लहान पोरांसाठी रोज रात्री बाहुल्यांचा एक छोटा कार्यक्रम लागायचा, ससा, डुक्कर, कुत्रा असली पात्रं, एक गोष्ट, एक कार्टून, चला झोपा. आणि ९ वाजता 'व्रेम्या', म्हणजे बातम्या, तिथला तेव्हाचा सर्वोच्च नेता ब्रेझनेव याचं भाषण, गव्हाचं पीक, पोलादाचा कोटा. आता ज्याला बाहुल्या बघून झोपवलं त्याच्या डोक्यात तो काळ म्हणजे ससा आणि डुक्कर, आणि त्याच खोलीत, त्याच सेटवर पोलादाचे आकडे ऐकत बसलेल्या त्याच्या बापाला टीव्हीचं नाव काढलं तरी जांभई येते. दोघं पण खरंच बोलतात.

मधल्या वयाची पोरं अजून तिसरीच. १९७३ ला तिकडं एक १२ भागांची हेरगिरीची मालिका आली, नाझी बर्लिनमध्ये घुसलेला सोव्हिएत हेर, नाव श्टिर्लिट्स. युद्ध भोगलेली माणसं ती गंभीर होऊन बघायची, पण शाळा-कॉलेजातल्या पोरांनी त्याच्यावर इतके जोक केले की आता कित्येकांना मालिका न बघताच जोक पाठ आहेत.

पूर्व जर्मनीचं तर अजूनच भारी. तिथल्या बऱ्याच भागात अँटेना फिरवला की पश्चिम जर्मनीचा टीव्ही दिसायचा, आणि सगळे बघायचे. सरकारनं त्यावर उतारा म्हणून १९६० ला एक कार्यक्रम काढला, दर सोमवारी, पश्चिमेच्या टीव्हीच्या क्लिपा दाखवायच्या आणि मग त्यांची पिसं काढायची, तो थेट ऑक्टोबर १९८९ पर्यंत चालला. पण ड्रेस्डेनच्या बाजूला सिग्नलच पोचायचा नाही, म्हणून बाकीचे चेष्टेनं त्या भागाला बेखबरांची दरी म्हणायचे. (बांबूला बांधलेला अँटेना गच्चीवर फिरवत खालच्याला "आलं का? आलं का?" ओरडलेल्यांना या दरीचं दुःख वेगळं सांगायला नको.) आणि लहान पोरांची आठवण काय, तर शाळेत मास्तरीण सहज विचारायची, तुमच्या घरी बातम्यांच्या आधी जे घड्याळ दिसतं त्याला ठिपके असतात की रेघा? पोरानं निरागसपणे उत्तर दिलं की घरात कुठला देश चालू असतो ते कळलं! असं तिथली माणसं सांगतात. बापाला भीती आठवते आणि पोराला घड्याळ.

आता आप्पा. रुमेनियाचं सांगितलं की १९८० च्या दशकात वीज वाचवायची म्हणून टीव्ही दिवसाला दोन तासांवर आणला, त्यात पण बराच वेळ तिथले हुकूमशहा चाउशेस्कूसाहेब आणि त्यांच्या बाईसाहेब, शेवटी लोक अँटेना वळवून बल्गेरियाचा टीव्ही बघायला लागले, भाषा येवो न येवो. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "काय बी वाचलालास बे, हे सगळं अमेरिकेनं लिहिलेलं असतंय." मग मी पूर्व जर्मनीच्या झंडमान बाहुल्याचं सांगितलं, पोरांना झोपवणारा, टोकदार दाढीवाला. पश्चिमवाले पण तसलाच काढणार आहेत असं कळल्यावर पूर्वेनं घाईघाईत २२ नोव्हेंबर १९५९ ला आपला सुरू केला, पश्चिमेचा १ डिसेंबरला आला. पूर्वेचा १९७८ ला अंतराळात पण जाऊन आला, त्यांच्या अंतराळवीरानं सोबत नेला होता. भिंत पडली, देश एक झाला, पश्चिमेचा झंडमान बंद पडला आणि पूर्वेचा अजून चालू आहे. यावर आप्पांनी सूनबाईला चहा टाकायला सांगितला, माझ्यासाठी पण.

पण पोलंड मला सगळ्यात जास्त लागलं. १३ डिसेंबर १९८१, रविवार. सकाळी ९ ला पोरांचा 'तेलेरानेक' नावाचा कार्यक्रम लागायचा तो लागलाच नाही. रात्रीत मार्शल लॉ लागला होता, टीव्हीवर जनरल यारुझेल्स्की भाषण करतोय, बातम्या देणारे मिलिटरीच्या ड्रेसात. तेव्हा लहान असलेले आज पण सांगतात की आम्हाला मार्शल लॉ म्हणजे तेलेरानेक न लागणं. आणि मोठ्यांची आठवण पुढच्या फेब्रुवारीतली, श्विद्निक नावाच्या गावात लोकांनी ठरवलं की संध्याकाळी साडेसातला सरकारी बातम्या लागल्या की घराबाहेर पडायचं आणि गावभर फिरायचं. काहींनी तर टीव्हीचं तोंड बाहेर करून तो खिडकीत ठेवला, बघ म्हणावं तूच! मोर्चा नाही, घोषणा नाही, नुसतं फिरणं, पोलिसांनी धरायचं तरी कशाबद्दल.

हे वाचताना मला १९८४ आठवलं. इंदिराबाई गेल्या तेव्हा टीव्हीवर दिवसभर सनई-सतारीचं रडवेलं वादन आणि दर्शनाची रांग, आणि आम्ही पोरं शेजाऱ्यांच्या दारात उभी, आज तरी काय लागंल म्हणून. देशात काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं. आमच्याकडं कम्युनिस्ट राजवट नव्हती हे मान्य, इथं निवडणुका होत्या, पेपर होते, पण टीव्ही तर सरकारचाच होता ना, एकच, आणि त्यावर मधेच 'व्यत्यय' ची पाटी. आप्पांना त्या टीव्हीचा राग आहे, फित कापणारे मंत्रीच दिसायचे म्हणतात. मला लळा आहे. आणि आमच्या लेकीला 'रामायण' म्हणजे १९८७ ची नाही, २०२० च्या लॉकडाऊनची मालिका वाटते, बाबा तेव्हा घरी होते आणि आई भांडी घासायला लावायची, तेव्हाची.

माझी झोपायच्या वेळेची थिअरी मी गल्लीतल्या अक्काला ऐकवली, तिचा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप, एका हातात कात्री, पान कापलं, तंबाखू भरला, वळलं, तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला, बोलताना हात थांबतच नाही तिचा. तिला विचारलं रामायण बघितलीस का गं तेव्हा, तर म्हणाली, "ऐकली की. हजार विडी व्हायची असतीय, रामाकडं बघत बसलं तर सगळी छाट निघंल, पैसे कोण देतंय?" (छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेली विडी.) म्हणजे सेट समोर चालू, पण डोळे सुपात. तिला सीतेचा आवाज ओळखू येतो, तोंड नाही! माझ्या थिअरीत हे कुठं बसतंच नव्हतं. आता मात्र तिच्या तेलुगू मालिका मोबाइलवर असतात आणि मोबाइल सुपातच, पानांच्या शेजारी उभा केलेला असतो, त्यामुळं म्हणे आता चित्रं पण दिसतात.