देवगिरीचा संच कधी, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"तुम्ही मूळच्या खुलताबादच्या, घाट उतरला की देवगिरी, मग देवगिरीचा टाइल-संच अजून का नाही?" हा प्रश्न मला गेल्या चार वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की, तो पूर्ण होण्याआधीच माझ्या कपाळावर आठी येते. काही जण आपुलकीने विचारतात, काही जण टोमणा मारतात, आणि एकाने तर "परक्यांची तळघरे सारवण्यात तुमचे आयुष्य चालले आहे" असे मला कळवले होते. मी प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले आणि त्यांतली किमान दोन उत्तरे खोटी होती. म्हणून एकदाच नीट लिहिते. विचारणारे सगळे खेळणारेच आहेत; नवख्यांसाठी एवढेच की, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी मी बहुतेक युरोपी धाटणीच्या तळघरांच्या नकाशांचे सुटे तुकडे, म्हणजे टाइल, काढून विकते; ते संगणकाच्या पडद्यावर चौकोनी घरांच्या ग्रिडवर जुळवायचे आणि त्यांवरून पात्रांची छोटी चित्रे, म्हणजे टोकन, फिरवायची.

खोटी उत्तरे आधी. मागणी नाही, हे पहिले. मागणी आहे की नाही हे मी कधी पाहिलेलेच नाही. पाहायची वेळ येऊ नये म्हणून ते उत्तर होते. दुसरे अधिक लबाडीचे होते. देवगिरी हा आपला मानबिंदू आहे, तिथे राक्षस आणि खजिन्याच्या पेट्या मांडणे मला रुचत नाही, असे मी सांगत असे. या उत्तराला लगेच माना डोलत, त्यामुळे ते मी दोन वर्षे वापरले. प्रत्यक्षात माझे मामा कित्येक वर्षे पर्यटकांना किल्ला दाखवत आणि त्यांनी त्या किल्ल्यात भुतेही मांडली होती. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीची फौज आली, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, ही दंतकथा तर ते इतकी रंगवत की ऐकणाऱ्याच्या जिभेला खारट चव येई. गडाचे पावित्र्य माझ्या टाइलने बिघडेल, असे मला कधीच वाटले नाही.

तिसरे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणून त्याला थोडी जागा देते. ते दगडाविषयी आहे.

माझे वडील गवंडी होते. शहाबादी फरशी बसवताना ते सांगत की फरशी कोणीही बसवतो, कारागीर ओळखायचा तो दरजेवरून, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटीवरून. टाइल-संचाचे काम नेमके हेच आहे. माझा प्रत्येक तुकडा दहा घरे लांब, दहा घरे रुंद असतो आणि त्याच्या कडेवरची दारे तिसऱ्या आणि आठव्या घरातच उघडतात. ही रीत माझी नव्हे, अशा तुकड्यांचे नकाशे करणाऱ्यांत ती रुळलेली आहे, आणि तिच्यातली युक्ती सुंदर आहे: डावीकडून तिसरे असलेले घर उजवीकडून मोजले की आठवे होते, त्यामुळे तुकडा फिरवा, आरशात पाहिल्यासारखा उलटा करा, दारासमोर दार येतेच. सुटे तुकडे जुळवून तळघर मांडण्याची कल्पना तर या खेळाइतकीच जुनी म्हणावी लागेल. खेळ 1974 चा, आणि तो काढणाऱ्या टीएसआर कंपनीने 'जिओमॉर्फ' नावाचे छापील तुकडे काढले ते 1976 मध्ये. बाजूला दारे असतील किंवा नसतील, इतकाच विचार केला तर चार बाजूंचे 16 प्रकार होतात, पण तुकडा फिरवता येतो हे ध्यानात घेतले की खरोखर वेगळे असे 6 च उरतात. त्या सहांवर माझे घर चालते.

बाकीचे श्रम दिसू नयेत यासाठीच असतात. मी एका घराला 140 पिक्सेल धरते, कारण रोल20 या ऑनलाइन खेळण्याच्या संकेतस्थळावर घर 70 चे असते आणि निम्मे करताना रेघ फाटत नाही. फाउंड्री या तशाच दुसऱ्या प्रणालीवर नेहमीचे घर 100 चे असते, तिथल्यासाठी वेगळी प्रत काढते. सावली मी कधीच एका बाजूने टाकत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजेड येतो असे धरून भिंत रंगवली आणि घेणाऱ्याने तुकडा फिरवला, की शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन सूर्य उगवतात. डोळ्यात भरेल असा तडा एखाद्या फरशीवर काढायचा नाही, कारण तोच तडा चौथ्यांदा दिसला की खेळणारा हसतो. आणि मुख्य म्हणजे फरशीची दरज तुकड्याच्या कडेवर आणून ठेवायची. मग दोन तुकड्यांचा सांधा हा सांधा वाटत नाही, गवंड्याने भरलेली दरज वाटते.

देवगिरीच्या अंधारीला, म्हणजे गडावर चढणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेला, दरजच नाही. ती बांधलेली नाही, कातळातून कोरून काढलेली आहे. चिरेबंदी भिंतीत मी चोरी लपवू शकते. अखंड काळ्या पाषाणावर टाकीचे घाव एका कडेवरून पलीकडच्या कडेवर सलग गेले पाहिजेत, आणि ते पलीकडच्या कोणत्याही तुकड्याशी, कोणत्याही दिशेने जुळले पाहिजेत. हेमाडपंती देवळाचे एक वेळ जमेल; तिथे चुना नसला तरी दगड दगडात खाचा घालून बसवलेला असतो, म्हणजे तो मुळातच तुकड्यांचा विचार आहे. पण वेरूळचे कैलास लेणे वरून खाली एकाच खडकात उतरवत आणले, त्याचे तुकडे पाडा म्हटल्यावर कोठून पाडणार? अंधारी त्याच जातीची आहे. हे उत्तर मी बऱ्याच जणांना दिले आणि ते त्यांना पटलेही. मला ते पूर्ण पटत नाही, कारण मी तो संच केला होता.

होय, केला होता. 2021 च्या पावसाळ्यात मी अंधारीच्या 24 टाइल काढल्या. घावांचा प्रश्नही बऱ्यापैकी सोडवला. कडेजवळचा दोन घरांचा पट्टा सर्व तुकड्यांत तोच ठेवला आणि वैविध्य मधल्या भागात आणले. प्रत्येक तुकड्याला फाउंड्रीसाठी भिंती आखल्या, म्हणजे टोकनच्या हातातल्या मशालीचा उजेड वळणापाशी अडेल आणि पलीकडचे दिसणार नाही. दिवाळीनंतर लातूरच्या एका तरुणाने तो संच घेऊन खेळ मांडला. पाच खेळाडू, रात्रीच्या वेळी गडात शिरायचे आहे, पाचांत मिळून मशाल एकच. मला त्याने ऐकायला बोलावले होते. माइक बंद ठेवून मी बसले, आणि मामांना मुद्दाम बोलावून घेतले होते. ते दुपारीच बसने आले होते, पिशवीभर पेरू घेऊन. आपल्या गडाचा खेळ कसा असतो ते पाहायला. घरात मी चार दिवस आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवले होते, हेही कबूल करते.

सहाव्या आणि सातव्या तुकड्याच्या सांध्यावर खेळ फुटला. दोन तुकड्यांच्या भिंती एकमेकींवर चढू नयेत म्हणून मी प्रत्येक भिंत कडेच्या आत दोन पिक्सेल थांबवली होती. एकेकटा तुकडा तपासताना ते शहाणपणाचे वाटले. दोन तुकडे शेजारी आले तेव्हा मात्र मधे चार पिक्सेलची फट राहिली, आणि उजेडाला तेवढी पुरते. काळ्या पडद्यावर सुरीने चिरल्यासारखी एक बारीक उजळ रेघ उमटली, ती थेट पुढच्या दालनापर्यंत गेली, आणि रेघेच्या टोकाला दबा धरून बसलेल्या पहारेकऱ्याचे टोकन उभे होते. "अरे थांबा, वळणाच्या पलीकडं कोणीतरी आहे," एक जण म्हणाला. फसवी वाट कोणती, हे त्यांना आपोआप कळले. दोन तास पुरेल म्हणून रचलेली अंधारी त्यांनी वीस मिनिटांत पार केली. जाताना त्यांनी दगडाच्या पोताची मनापासून स्तुती केली. त्या स्तुतीने मला जितके लागले तितके शिव्यांनी लागले नसते.

मामा इतका वेळ गप्प होते. पडदा बंद झाल्यावर त्यांनी विचारले, "हे वरून कोण बघतंय?"

मी म्हटले, खेळणारे.

"मग ह्याच्यात माणूस चुकतो कुठं, बाई?"

मी भडकले. फट, पिक्सेल, भिंतीची टोके, सगळे त्यांना ऐकवले. दोन संध्याकाळी बसले की दुरुस्त होईल, असे ठणकावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग, माझ्या बोलण्याशी काहीच संबंध नसल्यासारखे, ते आपल्या कामाचे सांगू लागले. अंधारीत पर्यटकांना नेताना मधल्या एका वळणावर ते कोणालाही न सांगता मशाल विझवत आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत. तीन-चारपर्यंत लोक हसतात. पाच-सहाला हसणे थांबते आणि हात भिंत शोधू लागतात. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे पाय उचललेला माणूस तो कुठे ठेवावा हे न कळून तसाच उभा राहतो. वटवाघळांचा वास उजेडातही असतोच, पण तो त्याच वेळी जाणवतो. पुन्हा मशाल पेटवली की दर खेपेला दोघे-तिघे आले त्या दिशेला तोंड करून उभे असतात. "रस्ता एकच असतो गं," मामा म्हणाले, "तरी माणूस मागं वळतो."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहायला नको होते, पण विचारलेत म्हणून लिहिते. "मामा, हा खेळ आहे, तुमची गाइडगिरी नाही," असे मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने ते गेले. पेरू तसेच राहिले.

फट मी खरोखर दोन संध्याकाळी बुजवली. भिंती कडेच्या बाहेर किंचित नेल्या, एकमेकींवर चढल्या तर चढू द्या असे ठरवले. संच निर्दोष झाला आणि तो मी आजतागायत कोणाला दिलेला नाही. कारण दुरुस्तीनंतर एकटीने त्यातून टोकन फिरवून पाहिले तेव्हा मामांचा प्रश्न जिथल्या तिथे होता. टोकन पुढे जाते तसा मागचा पाहिलेला भाग मंद राखाडी रंगात पडद्यावर राहतो. यंत्र सगळे लक्षात ठेवते, मग माणसाने विसरायचे कसे? ती सोय बंद करता येते, मी केलीही. तरी वरून पाहणाऱ्याला आपण चौकोनी ग्रिडवर आहोत, घर पाच फुटांचे आहे, डावे ते डावेच आहे, हे ठाऊक असते. जुन्या काळी खेळाडूंपैकी एक जण 'मॅपर' होई आणि खेळ चालवणाऱ्याच्या नुसत्या वर्णनावरून आलेख-कागदावर वाटा काढत बसे. त्याची एक रेघ चुकली की सगळी टोळी चुकली. म्हणजे चुकण्याची सोय या खेळात होती. ती आम्ही, चांगले नकाशे देणाऱ्यांनी, काढून घेतली. आणि त्याचेच तर पैसे घेतो.

यावर 2021 मधली मी आजच्या मला विचारते: मग युरोपातल्या तळघरांत तरी माणूस कुठे चुकतो? तिथे तुला हा प्रश्न का पडत नाही? प्रश्न बिनतोड आहे. त्या तळघरांत मी कधी उभी राहिलेली नाही, हेच त्याचे लाजिरवाणे उत्तर असावे. ती मी दुसऱ्यांच्या नकाशांवरून शिकले. तिथे काय हरवते ते मला माहीत नाही, म्हणून हात मोकळा चालतो. पण हे उत्तरही फार साळसूद वाटते. नऊ तुकडे तीन-तीनच्या ओळींत मांडायचे आणि प्रत्येक चार दिशांना फिरवायचा, एवढ्यानेच साडेनऊ हजार कोटींच्या वर मांडण्या होतात, आणि या आकड्याचा मला एके काळी फार अभिमान होता. अंधारीची मांडणी एकच आहे. ती मी दुसऱ्याच्या हाती सुटी करून द्यायला तयार नाही, असा नुसता मालकी हट्टही या सगळ्याच्या मुळाशी असू शकेल. टाइल करणाऱ्याला असा हट्ट शोभत नाही, कारण कोणी कुठला तुकडा कुठे लावावा हे न सांगणे हाच या धंद्याचा धर्म आहे. सबंध अंधारीचा एकच अखंड नकाशा काढा, असेही काहींनी सुचवले. काढता येईल. पण तो एकदा खेळला की संपला. आणि वरून पाहण्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

मामांशी बोलणे त्याच संक्रांतीला पुन्हा सुरू झाले. तिळगूळ घेऊन मीच गेले. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण त्या 24 टाइलच्या फोल्डरमध्ये अधूनमधून भर पडते, ती त्यांना दाखवते. अलीकडच्या एका तुकड्याचे दार तिसऱ्या घरात नाही आणि आठव्यातही नाही, पाचव्यात आहे, त्यामुळे तो संचातल्या कशालाच जुळत नाही. मामांनी चष्मा वर सारून तो बराच वेळ पाहिला आणि दारापलीकडे काय आहे, असे विचारले. अजून काढलेले नाही, असे मी सांगितले.