माऊईच्या रँचवर जाण्याआधी काउंटरवर गेलेले अडीच तास

हवाई म्हटलं की सगळ्यांना बीचच आठवतो, पण मला आई-बाबांना माऊई बेटाचा वरचा भाग दाखवायचा होता. तिकडे त्याला अपकंट्री म्हणतात. हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर गुरांची कुरणं, मकावाओ आणि कुला ही गावं आणि पार शेवटी उलुपालाकुआ रँच (गुरं पाळायची मोठी जागा) नि तिथली वायनरी. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून निघून माऊईच्या काहुलुई विमानतळावर उतरलो, इथवर सगळं नीट झालं.

अडकलो ते भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी एक तास रांग, बाबांना गुडघ्यामुळे उभं राहवत नाही म्हणून त्यांना बॅगेवर बसवलं. नंबर लागला तर बाई म्हणाली बुकिंग तुमच्या नावावर आहे, मग क्रेडिट कार्डही तुमच्याच नावाचं हवं. माझ्याकडे नवऱ्याचं कार्ड होतं, माझं फोनमध्ये होतं आणि प्लास्टिकचं घरी ड्रॉवरमध्ये! फोनवरचं चालत नाही म्हणाली. नवरा कामामुळे आलाच नव्हता, त्याला फोन लावून दिला, तो म्हणतोय माझी परवानगी आहे, तरी नाही. मॅनेजरला बोलवा म्हटलं तर पाऊण तास कोणी आलं नाही, आणि आई मागून दर पाच मिनिटांनी विचारतेय, "अगं, झालं का?" शेवटी तो आला आणि म्हणाला डेबिट कार्ड चालेल, परतीचं तिकीट दाखवा आणि 500 डॉलर ब्लॉक होतील, म्हणजे गाडी परत करेपर्यंत खात्यात अडकून राहतील. अहो, हे पहिल्या मिनिटाला सांगायचं ना! बुकिंग करताना मला हे कुठेही ठळक दिसलं नव्हतं, अजून आठवलं की डोकं तापतं. तर कृपा करून जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं, हातात धरता येईल असं क्रेडिट कार्ड सोबत ठेवा.

तोवर वायनरीत घेतलेली दुपारची वेळ गेली होती. फोन केला तर त्यांनी काही कटकट न करता दुसऱ्या दिवशीची दिली.

हो, हवाईला येताना एक फॉर्म भरायचा असतो, ताजी फळं, पानं, रोपं काय आणलंय ते त्यावर लिहावं लागतं, म्हणून आईचा कढीपत्ता मी घरीच काढून ठेवायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी कुलावरून 37 नंबरच्या रस्त्याने गेलो. वर हवा इतकी गार की आईने शाल काढली आणि म्हणाली, पाचगणीला आल्यासारखं वाटतंय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली निळा समुद्र आणि मध्ये गाई चरतायत. 1793 मध्ये व्हँकुव्हर नावाच्या कप्तानाने हवाईच्या राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, ती इतकी माजली की 1830 च्या दशकात मेक्सिकोहून घोडेस्वार गुराखी आणावे लागले. त्यांच्याकडून शिकलेल्या इथल्या गुराख्यांना पनिओलो म्हणतात.

वायनरी 1974 ची. द्राक्षं धरेपर्यंत काय करायचं म्हणून त्यांनी अननसाची वाईन केली आणि तीच गाजली. हवाईचा नंतरचा राजा कालाकाउआ इथे पाहुणा म्हणून यायचा, त्याच्या कॉटेजमध्येच वाईन चाखायला देतात, आणि तिथला बार एकाच आंब्याच्या खोडाचा आहे. आई त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत होती. बाबांना अननसाची वाईन फार आवडली, मी गाडी चालवणार होते म्हणून एकच घोट घेतला.

नकाशा बघून फसू नका, किनाऱ्यावरच्या वायलेआचे बीच वायनरीच्या अगदी खाली दिसतात पण वायनरीपासून तिकडे थेट सार्वजनिक रस्ता नाही, पुकालानी गावापर्यंत मागे जाऊन वळसा घालावा लागतो, तासभर धरा. वायनरीच्या पुढे कौपोकडे जाणारा रस्ताही काही ठिकाणी कच्चा आहे, गाडीच्या करारात तिकडे जायला मनाई आहे का ते आधी वाचा. आणि बाटली घेतलीत तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

माझे 500 डॉलर गाडी परत केल्यावर नवव्या दिवशी मोकळे झाले, तेही मी दोनदा फोन केल्यावर.