जांघेतली नाडी

मुलीच्या जांघेतली नाडी बघायला दोन मिनिटं पुरतात, पण आडोसा लागतो. शाळा तपासणीत नेमका तोच मिळत नाही. व्हरांड्यात टेबल, समोर रांग, खिडक्यांतून डोकावणारी पोरं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. त्याच्या एका फिरत्या पथकात मी वैद्यकीय अधिकारी आहे. नियमाप्रमाणे पथकात एक पुरुष डॉक्टर, एक स्त्री डॉक्टर, औषध निर्माता आणि परिचारिका. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. लोकांना वाटतं आम्ही जंताच्या गोळ्या वाटत फिरतो. खरं तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे हुडकून पुढे पाठवणं हे आमचं काम.

त्या दिवशी घाटमाथ्यावरच्या एका आश्रमशाळेत होतो. बारा वर्षांची एक मुलगी रांगेतून पुढे आली, तशी अधीक्षिका म्हणाल्या, "हिला काही नाही मॅडम, अंगचोर आहे. खो-खोला उभी केली की पाय दुखतात म्हणून बसते."

अंगचोर हे लेबल मी फार ऐकते आणि दरवेळी चिडते. दमणाऱ्या पोराला आधी तपासावं, मग नावं ठेवावीत.

"पाय कधी दुखतात गं?"

"चढताना. बसलं की थांबतंय."

"रात्री?"

"नाय."

वाढीच्या वयात पाय दुखतात ते बहुधा संध्याकाळी, नाही तर रात्री. हिचे चालल्यावर दुखत होते आणि बसल्यावर थांबत होते, दोन्ही पोटऱ्यांत. उन्हाळ्यात घोळणा फुटतो, डोकं ठणकतं, हेही तिनं विचारल्यावरच सांगितलं. मनगटाची नाडी मात्र बोटाला धडका देत होती.

रक्तदाब घेताना मी लहान मुलांचा पट्टा वापरते, तो मी स्वतःच्या पैशानं घेतलेला आहे. पथकाला मिळालेला मोठ्या माणसांचा पट्टा बारीक दंडावर गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो आणि दाब वाढलेलं मूल नॉर्मल म्हणून सुटतं. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षं सांगूनही साहित्याच्या यादीत नीट येत नाही. उजव्या दंडावर १५०/९० आला. थोडं थांबून, तिला शांत बसवून पुन्हा घेतला, तरी तेवढाच.

मग मी रांग थांबवली. परिचारिकेनं धान्याच्या कोठीत सतरंजी घातली, खिडकीला चादर लावली. काय करणार, कुठे हात लावणार ते मुलीला आधी सांगितलं, ती हो म्हणाली. जांघेत बोट ठेवलं तर नाडी लागेना. बऱ्याच वेळानं लागली ती मंद, आणि मनगटाच्या ठोक्याच्या मागून येणारी. मोठा पट्टा इथे कामाला आला. तिला पालथं झोपवून तो मांडीला बांधला, गुडघ्यामागच्या खळग्यात स्टेथोस्कोप धरला. वरचा दाब ९६. एरवी पायातला दाब हातापेक्षा थोडा जास्तच असतो. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, मर्मर, म्हणजे रक्त जोरानं वाहताना होणारा फुसफुस आवाज, ऐकू येत होता. हृदयातून निघालेली महाधमनी डाव्या हाताला फांदी देऊन वळते, तिथेच अरुंद असणार, म्हणून हातात दाब जास्त आणि पायात कमी, हे माझ्या मनात पक्कं झालं.

जुन्या नोंदी काढल्या. दरवर्षी हृदयाच्या रकान्यात 'निरंक'. हा दोष जन्मापासूनचा. जांघेत एकदा कुणी बोट ठेवलं असतं तर तो अंगणवाडीतही सापडला असता. माझे सहकारी डॉक्टर मोठ्या मुलींना तिथे हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण न तपासलेल्या जागी निरंक लिहिणं बरोबर नाही. तिथे 'तपासले नाही' लिहायला हवं. आढाव्यात टक्केवारी विचारणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही.

वडील भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. ते म्हणाले, "बाई, पोर खाते-पिते, हिंडते. तिला कसला हार्टचा आजार?" मी म्हटलं, "दादा, हात लावून बघा." त्यांचं बोट आधी तिच्या मनगटावर ठेवलं, मग पायाच्या घोट्याजवळ, जिथे काहीच लागत नव्हतं. त्यानंतर ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. रेशनकार्डावर मुलीचं नावच नव्हतं, त्यात बरेच दिवस गेले. जिल्ह्याला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, निदान तेच निघालं. मुंबईत मांडीच्या धमनीतून फुगा नेऊन स्टेंट बसवला, खर्च शासनाच्या योजनेतून झाला.

आता ती चढ चढते. दाब उतरलाय, पण गोळी अजून चालू आहे. असा दाब पुढेही राहू शकतो, त्यामुळे तिला कायम तपासावं लागेल. अधीक्षिका वहीत आकडे लिहून ठेवतात. त्यांच्यावरचा माझा राग गेलाय, कारण त्यांना हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

मला सतावतंय ते शेजारचं पथक. तिथे स्त्री डॉक्टरची जागा रिकामी आहे आणि त्यांच्याकडे मुलींच्या निवासी शाळा आहेत. त्या मुली मी तपासते, असं पत्र मी दिलं. वाहन त्या हद्दीत नेता येत नाही, असं उत्तर आलं. म्हणून त्यांच्या परिचारिकेला मी नाडी बघायला आणि मांडीवर पट्टा बांधायला शिकवलंय. पडद्यासाठी कापड आणि दोरी आमच्या पथकानं दिली आहे. पुढच्या आढाव्यात त्या मुलींच्या हृदयाच्या रकान्यात काय लिहिलंय, ते मी सगळ्यांसमोर विचारणार आहे.