चेनसॉचा इनटेक रबर

आज खानापुरात एका चेनसॉचा इनटेक रबर बदलला. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला हा तुकडा बाहेरून धड दिसतो. अंगठ्याने वाकवला की घडीतली चीर उघडते. तिथून जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि त्यातलं ऑइलही. रेस सोडली तरी इंजिन ओरडत राहतं. अशी मशीन जंगलात रेटली तर पिस्टन जाम होणारच, कार्बोरेटरचा स्क्रू पिळून उपयोग नाही.

कार्बोरेटर काढल्यावर सिलिंडरच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबा, भुसा आत जायला नको. इम्पल्सची बारीक नळी, म्हणजे इंजिनातल्या दाबाच्या ठोक्यांवर पेट्रोलचा पंप चालवणारी, तपासाच. ती निसटली तर पेट्रोल चढत नाही. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने फुगतं. चिंधी आठवणीने काढा, क्लॅम्प आवळा. आयडलला, म्हणजे रेस सोडल्यावर, चेन थांबलीच पाहिजे.