कोजागिरीची वही

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या मंडळाची कोजागिरी म्हटली की बाकीच्यांना मसाला दूध आठवतं, आम्हाला आठवते ती वही. वर्षभरात कुणाच्या घरातलं माणूस वारलं, कुणी घर विकून पुण्याला मुलाकडे राहायला गेलं, कुणाची मुलगी सासरी गेली, कुणी निवृत्त झालं, त्या प्रत्येक घरासाठी त्या रात्री गच्चीवर एक गाणं व्हायचं. गायला सहा मिनिटं लागतात, ठरवायला महिना पुरत नाही.

आणि हाताशी असतो तो महिनाच. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, त्याच्या पुढची पौर्णिमा म्हणजे कोजागिरी. वहीत चार रकाने: घर, काय घडलं, गाणं, पट्टी (गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरात धरायचं ते). पहिले दोन पितृपंधरवड्यात भरायचे, तिसरा घटस्थापनेपर्यंत, चौथा तालमीत. तिसऱ्या रकान्यात घरच्यांना विचारल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. विचारायचं तेही उलट्या बाजूनं: कोणतं गाणं नको, हे आधी. त्याचं उत्तर लगेच मिळतं. गेलेल्या माणसाचं आवडतं गाणंच गावं असं बाहेरच्यांना वाटतं, पण पहिल्या वर्षी घरातल्या बाईला नेमकं तेच ऐकवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती आपण होऊन मागते.

तुकोबांचा ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा अभंग सगळ्यांत जास्त सुचवला जातो. भरलं घर, नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या आजोबांसाठी त्याच्याइतकं दुसरं काही नाही. पण तरुण माणूस गेलेल्या घरी तो गाऊ नये. त्यात जाणारा समाधानानं रामराम म्हणतो, आणि त्या घराला ते समाधान अजून कुठून येणार? अशा घरासाठी आम्ही शब्दच टाळायचो. नुसती बासरी किंवा पेटी, मध्य लयीत, चार मिनिटं. गीतरामायणातलं ‘पराधीन आहे जगती’ हेही वारंवार मागितलं जातं. दशरथ गेल्याचं कळल्यावर राम भरताची समजूत घालतो, तो प्रसंग. गाणं लांब आहे, त्यामुळे तीनच कडवी घ्यायची, आणि त्यात दोन ओंडक्यांच्या भेटीचं असलंच पाहिजे. शेवटची कडवी वनवासाच्या अवधीची आणि भरताला परत पाठवण्याची आहेत. ती कथेत शोभतात, गच्चीवर नाही.

परदेशी निघालेल्या मुलांसाठी हमखास ‘सागरा प्राण तळमळला’ची फर्माईश यायची. ते सावरकरांनी 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलं. मायदेशी परतायची वाट बंद होत चाललेल्या माणसाचा तो आकांत आहे. नोकरी धरून, दोन वर्षांनी सुट्टीवर येणाऱ्या मुलाच्या निरोपाला ते जड होतं, आणि त्या गाण्यावरही अन्याय होतो. त्या मुलांना आम्ही लहानपणीची बडबडगीतं द्यायचो. आई-बाबा हसायचे आणि डोळेही पुसायचे.

सासरी गेलेल्या मुलींचं काम भोंडल्यानं सोपं केलेलं असतं. नवरात्रात रोज फेर धरलेला, गळे तापलेले. ‘कारल्याचा वेल लाव गं सूनबाई, मग जा आपुल्या माहेरा’ म्हणताना सून माहेरासाठी एकेक अट पुरी करत जाते, नवी अट येतच राहते, आणि फेरातल्या सगळ्या हसत असतात. माहेर सुटल्याची कळ इतक्या हलक्या हातानं सांगणारं गाणं शोधून सापडणार नाही. शिवाय याला पेटी लागत नाही, टाळी पुरते.

2019च्या कोजागिरीची यादी सगळ्यांत अवघड गेली. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. पुढं दोन महिन्यांत कोजागिरी, आणि नदीकाठची काही कुटुंबं नदीपासून लांब, विश्रामबाग भागात राहायला निघालेली. गदिमांचं ‘संथ वाहते कृष्णामाई’ एरवी आमच्याकडे दरवर्षी व्हायचं. तीरावरल्या सुखदुःखांची जाणीव तिला नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. त्या वर्षी ते नको, असं बहुतेक घरांनी सांगितलं, आणि काही जुन्या घरांनी ते हवंच म्हणून धरलं, कारण खरं तेच आहे. शेवटी ते नुसतं पेटीवर वाजवलं, शब्दांशिवाय. ज्यांना म्हणायचं होतं ते मनात म्हणत होते. घर सोडून चाललेल्यांसाठी नदीचा उल्लेख नसलेल्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. ओवीचा फायदा असा की घराचं, अंगणाचं, तुळशीचं नाव घालून तिथल्या तिथं एक नवी ओवी जोडता येते.

आता पट्टी, कारण निम्मी गाणी इथंच पडतात. पेटीवरच्या ज्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरला तिच्यावरून नाव: पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. गाणं निवडताना धृपद म्हणून बघतात आणि पट्टी ठरवतात, ही चूक. अंतऱ्यातला सगळ्यांत वरचा सूर आधी म्हणून बघायचा आणि तिथून खाली मोजत यायचं. सगळ्यांनी मिळून गायचं असेल तर काळी एकच्या वर जाऊच नये, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, वयस्क बायकांचे गळे थांबतात. आणि वियोगाचं गाणं तालमीत ज्या पट्टीत जमलं, त्याहून अर्धा स्वर खाली धरायचं. गळा दाटला की आवळतो, वरचा सूर आधी फाटतो.

तबला काळी एकमध्ये लावला की पुरुषांचा षड्ज मिळतो, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला तोच सूर मध्यम (‘म’) होतो. एका तबल्यात दोघांचं भागतं. फक्त बाईचं गाणं यमन रागातलं, म्हणजे चढा (तीव्र) मध्यम घेणारं असेल तर हा शुद्ध मध्यम तीव्र मध्यमाशेजारी टोचत राहतो, तेव्हा पंचमात (‘प’) लावलेला दुसरा तबला हवा. म्हणून यादीतली गाणी पट्टीप्रमाणे लागोपाठ लावायची, नाहीतर दर गाण्याआधी हातोडी ठोकण्यात रात्र जाते. कोजागिरीला दंवही असतं. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते, सैल पडते आणि तासाभरात तबला उतरतो. वाजत नसेल तेव्हा त्यावर जाड चादर, आणि जवळ पिवळा दिवा. तंबोऱ्याची अडचण आम्हाला कधी आली नाही. मिरज शेजारी, जवारी काढून (तारांचा झंकार जुळवून) देणारे कारागीर तिथं हाकेच्या अंतरावर.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे कार्यक्रमाचे आपोआप दोन भाग पडायचे. साडेसात ते दहा माईकवर: निवृत्तीची, बारशाची, नव्यानं राहायला आलेल्यांची गाणी. खानदेशातून आलेल्या एका बिऱ्हाडानं अहिराणी गाणी आणली, ती पुढं सगळ्या गल्लीची झाली. दहानंतर माईक बंद, सतरंज्या जवळ ओढायच्या, आणि मग ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांची गाणी. मागच्या रांगेला ऐकू जात नाही, म्हणून मागची रांगच पुढं येते. अशी दोन गाणी लागोपाठ ठेवायची नाहीत, मध्ये एखादी ओवी किंवा बासरी.

निवेदन दोन वाक्यांचं. माणसाचं नाव, एखादी खूण, आणि गाणं. “जोशीकाकू. पाडव्याला सगळ्या गल्लीच्या गुढ्यांना साखरेच्या माळा त्यांच्या हातच्या.” एवढंच. ‘क्रूर काळानं’ वगैरे सुरू झालं की घरचे लोक मान खाली घालतात आणि गाण्याआधीच थकतात.

गायला घरचं माणूस बसवायचं नाही. पहिलं कडवं निघतं, दुसऱ्याला श्वास पुरत नाही. त्याला म्हणायचंच असेल तर शेजारी तेच गाणं पाठ असलेलं दुसरं कोणीतरी हवं, आणि धृपद सगळ्या गच्चीला पाठ हवं. आवाज थांबला की पेटीवाला तिथंच सूर धरून ठेवतो, तबला ठेका चालू ठेवतो, लोक धृपद उचलतात, तोवर तो माणूस पाणी पितो. कराओके आम्ही याच कारणानं घेतलं नाही. ते कुणासाठी थांबत नाही.

दूध बाराच्या सुमारास. शंभर माणसांना वीस लिटर, पाऊण होईपर्यंत आटवलेलं, लिटरला शंभर ग्रॅम साखर, जायफळ अगदी शेवटी आणि बेतानं. गाणाऱ्यांचे पेले मात्र शेवटी भरायचे, कारण दुधानं घसा चिकटतो आणि भैरवी अजून व्हायची असते. भैरवीनंतर पसायदान, नऊच्या नऊ ओव्या, पेटीशिवाय.

दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकून झाल्या की वहीतल्या चौथ्या रकान्यात लाल शाईनं दुरुस्त्या: ‘अर्धी पट्टी खाली हवी होती’, ‘तिसरं कडवं कुणालाच येत नव्हतं’, ‘यांच्या घरी पुढच्या वर्षी पुन्हा विचारणे’. एकदा कुणाच्या नावानं झालेलं गाणं पुढची दोन वर्षं दुसऱ्या कुणासाठी घ्यायचं नाही, म्हणून त्यापुढं वर्ष लिहायचं आणि वही पुढच्या कार्यवाहाकडे द्यायची.