तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लांब डिस्क टाकत कशाला जायचं?

पाहुणे आले, शेजारचे काका भेटले की प्रश्न तोच, तबकडीच फेकायची ना, मग खाली बीच आहे की, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, एवढी तंगडतोड कशाला? परवा तुम्ही पण विचारलंत म्हणून नीट लिहितेच.

आधी खेळ सांगते. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त काठी-चेंडूच्या जागी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्यांची बास्केट, टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, टाकायची, पडेल तिथून पुढची, आणि कमीत कमी थ्रोमध्ये बास्केट गाठायची. या डिस्कचं वजन सामन्यात खेळतात त्या फ्रिस्बीइतकंच, 175 ग्रॅमच्या आसपास, पण ती साधारण 27 सेंटीमीटरची आणि ही 21 ची, वर कड धारदार, त्यामुळे हवा कापत लांब जाते आणि कुणाला लागली तर चांगलीच लागते. पोरं वाळूत किल्ले करतायत तिथे ही आम्ही पिशवीतून काढतच नाही. बीचचं एवढंच.

आता लांब का, ते. उत्तर गोव्यातला, केरी आणि हरमलच्या मधला तो सडा तुम्हाला माहीत आहे, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला तेरेखोल नदीचं मुख आणि पलीकडे किल्ला. तिथे कुणी कोर्स बांधून दिलेला नाही, गुरांच्या वाटा बघून आम्हीच मांडलाय, बांबूला लाल फडकं म्हणजे होल, आणि घडीची एकुलती एक बास्केट शेवटच्या होलला. बांबूवर खेळतो म्हणून कुणी नाक मुरडू नये, या खेळाचा जनक मानतात त्या एड हेड्रिकने 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स मांडला तेव्हा तिथेही आधी नुसते खांबच होते, साखळ्यांची बास्केट नंतर आली.

टीपासून फडक्यापर्यंत पन्नास-साठ मीटरचा होल असला की सगळं हातावर असतं, वाऱ्याला काही करायला वेळच मिळत नाही. पण तेरेखोलच्या बाजूचा आमचा होल दोनशे मीटरच्या वर आहे, मध्ये एक घळ, घळीत काजू आणि करवंदीच्या जाळ्या, आणि फडकं पलीकडच्या कातळावर. तिथे पहिला थ्रो नुसता जोरात मारून भागत नाही, दुसरा कुठून मारायचाय ते आधी ठरवावं लागतं, डावीकडे मोकळा कातळ आहे पण तिथून काजू आड येतो, उजवीकडून फडकं दिसतं पण जागा बैलगाडीएवढीच, आणि कातळ असा टणक की डिस्क पडली तिथे थांबत नाही, कड टेकवून उडते आणि घसरत जाते, ते घसरणंसुद्धा हिशोबात धरावं लागतं. मला हाच होल सगळ्यात जास्त आवडतो, आणि तो छोटा करा म्हणणाऱ्यांशी मी दरवेळी भांडते.

आणि वारा! उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून डावीकडे नेऊन, मारला की डिस्कचा वेग उतरल्यावर ती शेवटी डावीकडे कलते. समोरून वारा असेल तर ती उजवीकडे वळायला बघते आणि हवेत तरंगत राहते, पाठीमागून असेल तर लवकर डावीकडे कलून खाली बसते. आपल्याकडे थंडीच्या दिवसात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो आणि दुपारी उलटा, म्हणजे समुद्राकडे तोंड करून मारायचा होल सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच होऊन बसतो. कड्यावर पॅराग्लायडिंगवाले पंख पसरायला लागले की समजायचं समुद्राचा वारा वर चढायला लागला, मग त्या बाजूचे होल आम्ही बंदच करतो, माणसं उतरत असताना डिस्क हवेत नको म्हणजे नकोच. म्हणून उजाडता उजाडता सुरू करायचं आणि पेजेच्या वेळेला घरी.

तुम्ही म्हणता नुसता व्ह्यू बघायला जा की. जाते की, पण नुसतं बघायला गेलं की माणूस कड्यावर उभा राहतो, दोन फोटो काढतो आणि निघतो. कोर्स खेळताना तोच सडा पावलापावलाने चालावा लागतो, कुठे उतार आहे, कुठे गवत वाकलंय, टिटवी कुठून ओरडत उठली (तिकडे अंडी असणार, मग ती बाजू त्या दिवशी सोडायची), हे सगळं खेळाच्या कामाचं असतं म्हणून दिसतं. हेच नऊ छोट्या होलमध्ये होत नाही, कारण दोन थ्रोच्या मध्ये चालणंच नसतं.

पावसात मात्र आम्ही जात नाही. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, अगदी कातळाच्या चिमूटभर मातीत, त्यावरून बुटांनी फिरणं मला पटत नाही, आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा असतात तेव्हा उघड्या सड्यावर उभं राहायचंच नाही.

यायचं असेल तर दिवाळीनंतर या. जाड तळव्याचे बूट, पाणी आणि फुल पँट, कारण पुढच्या महिन्यांत घळीच्या तोंडाला खाजकुइली वाळलेली असते आणि त्यात गेलेली डिस्क आम्ही तिथेच सोडतो. डिस्क माझ्याकडे आहेत, पहिल्यांदा हलका पटर (जवळच्या थ्रोची डिस्क) देईन, ड्रायव्हर (लांब जाणारी) नंतर. पोरांना आणाल तर त्यांच्यासाठी टी पुढे घेऊ, होल तोच राहील.