८५ डिग्रीचा उन्हाळा

डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा: काळा, तीन पायांचा, चण्याच्या डाळीएवढा. वीज मिळाल्या मिळाल्या त्याला तापमान विचारलं, तर तो बेधडक ८५ डिग्री सांगतो. बिघडलेला नसतो तो. चालू होताना त्याच्या पोटात हा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो आणि खरं मोजमाप करायला त्याला पाऊण सेकंद लागतो. तेवढा दम आपण धरला नाही, की कारखान्यातून निघताना दिलेला आकडा हातात पडतो. तार सुटली असेल तर स्क्रीनवर उणे १२७ येतं. उणे १२७ बघून कुणीही ओळखतो की काहीतरी चुकलंय. पण मे संपत आला आहे, नवतपा लागला आहे आणि टिनाखालच्या खोलीत स्क्रीनवर ८५ उमटलंय, तर विदर्भातला माणूस क्षणभर विचारात पडतो. असेलही, बाप्पा.

घरच्या घरी सेन्सर आणि सर्किट जोडण्याचा हा छंद शिकवणाऱ्या सगळ्या साहित्यात एक खोली गृहीत धरलेली असते. तिच्यात २५ डिग्री तापमान, हवा ना कोरडी ना दमट, सॉकेटात पक्के २३० व्होल्ट आणि वायफाय अखंड. अशी खोली आपल्याकडे जानेवारीत पंधरा दिवस मिळते, तीही लाईन असली तर. एरवी सुट्या भागांच्या माहितीपत्रकात सगळ्यात खाली, मर्यादा म्हणून जे आकडे बारीक अक्षरात छापलेले असतात, त्या ओळीत आपलं गाव वसलेलं असतं.

निळ्या जाळीदार डबीतला डीएचटी११ घ्या. नवशिक्याच्या प्रत्येक किटमध्ये तो असतोच. तो तापमान मोजतो ५० डिग्रीपर्यंत आणि आर्द्रता २० टक्क्यांपासून वर. मेमधल्या दुपारी इथली हवा २० टक्क्यांच्या खाली सहज उतरते, आणि टिनापासून हातभर खाली ५० डिग्री होणं काही विशेष नाही. म्हणजे ज्या दुपारी मोजायची खरी गरज, त्या दुपारी हा गडी दोन्ही बाजूंनी हद्दीबाहेर. त्याचा पांढरा भाऊ डीएचटी२२ बरा, बीएमई२८० त्याहून बरा. मात्र बीएमई म्हणून पुष्कळदा बीएमपी२८० पदरात पडतो आणि त्याला आर्द्रता कळतच नाही. भिंगाखाली पाहावं: चिप चौकोनी असेल तर बीएमई, थोडी लांबट असेल तर बीएमपी.

आर्द्रतेचा एवढा सोस कशाला, तर कूलरसाठी. आपल्या भागात घरगुती प्रयोगाचा पहिला बळी नेहमी कूलरच असतो. हवा ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी वाफ होऊन हवा थंड होण्याची शेवटची पायरी साधारण २३ डिग्रीवर येते. त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणायला हरकत नाही. ताटी, म्हणजे कूलरची पाणी झिरपणारी जाळी, बरी असेल तर या ४४ आणि २३ मधल्या अंतरातलं तीन-चतुर्थांश कापलं जातं आणि खोलीत २८ च्या आसपास वारा येतो. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जातं. जुलैत हवा ३२ वर येते पण आर्द्रता ८० टक्के होते, आणि तीच शेवटची पायरी २९ वर चढून बसते. मग कूलर फक्त गाद्या ओल्या करतो. म्हणून पंप कधी चालवायचा हे नुसत्या तापमानावर ठरवणारं सर्किट पावसाळ्यात मूर्ख ठरतं.

सर्किटाचं मूळ साधं आहे. एक ईएसपी३२ (प्रोग्राम भरता येणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड), दोन रिलेंचं (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या बटनांचं) एक मॉड्यूल, एक सेन्सर, मोबाईलचा चांगल्या प्रतीचा जुना चार्जर. चार्जर अशासाठी की संध्याकाळी गावातल्या चुली, पंखे, मोटरी एकदम लागल्या की व्होल्टेज १७० पर्यंत बसतं. जुन्या पद्धतीचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ (पक्के ५ व्होल्ट देणारी चिप) असा पुरवठा केला असेल, तर ७८०५ ला आत निदान ७ व्होल्ट लागतात. ते मिळेनासे झाले की बोर्ड दर दोन मिनिटांनी झोपतो आणि उठतो. चार्जर १०० ते २४० व्होल्ट कुठेही निमूट काम करतो. पंख्याच्या मोटरीला मात्र ही सवलत नाही. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: १८० व्होल्टवर २३० च्या मानानं साठ-एकसष्ट टक्केच उरतो. त्यात कपॅसिटर म्हातारा झालेला असला, तर पातं काडीनं ढकलल्याशिवाय फिरत नाही. अशा वेळी लोक प्रोग्राम तपासत बसतात. आधी कपॅसिटर बदलावा.

प्रोग्राममध्ये दोन आकडे हवेत, एक नको. ३३ ला चालू आणि ३० ला बंद. दोन्हीकडे ३२ ठेवलं, तर रिले रात्रभर टकटक करत राहतो आणि घरातली म्हातारी माणसं पाल चुकचुकली म्हणून उठून बसतात. सेन्सर कूलरच्या वाऱ्यात टांगू नये. खाटेच्या उंचीवर, वाऱ्याच्या झोतापासून बाजूला लावावा. पंप आधी, पंखा पाच मिनिटांनी, म्हणजे कोरड्या ताटीतून पहिला फुफाटा अंगावर येत नाही. लाईन आल्याबरोबर काहीही चालू करायचं नाही, निदान तीन मिनिटं थांबायचं. कारण त्याच क्षणी वावरातल्या ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटरी उठतात आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, जो गोंधळ होतो, त्यात आपली भर कशाला?

वायफायचा एक सापळा सगळ्यांनाच चकवतो. तयार नमुना प्रोग्रामांत सुरुवातीला एक ओळ असते: जोडणी होईपर्यंत इथेच फिरत राहा. राउटरला इन्व्हर्टर नसतो. लाईन येते, राउटर उठायला दोन मिनिटं घेतो, कधी नेट येतच नाही, आणि ४४ डिग्रीत कूलर इंटरनेटची वाट बघत उभा राहतो. कूलरला थंड व्हायला इंटरनेट लागत नाही. जोडणी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर काम चालू, असाच प्रोग्राम लिहावा. वेळ हवी असेल तर डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावावं. त्याच्या स्वस्त बोर्डावर सेल चार्ज करणारी एक वाट असते आणि आपण तर साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल बसवतो. बोर्ड ५ व्होल्टवर चालवणार असाल तर त्या वाटेवरचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकावा. नाहीतर सेल फुगतो.

आता पाण्याची पातळी. इथेच खरी मजा आणि खरा त्रास. कूलरचा पंप पाण्यात बुडूनच थंड राहतो; टाकी आटली की वाइंडिंग जळतं, तेही बहुतेक पहाटे तीनला, सगळे गाढ झोपेत असताना. "एवढ्या खटाटोपापेक्षा उठून बटन दाबलं असतं तं?" या घरोघरच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे, की तीन वाजता कोणी उठत नाही.

पहिला विचार येतो अल्ट्रासोनिकचा, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा. उघड्या डोळ्यांचा एचसी-एसआर०४ कूलरच्या दमट पोटात टिकत नाही. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी टिकतो, पण त्याला २० सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, आणि कूलरची टाकी तेवढीच खोल. भरलेली काय, रिकामी काय, त्याला सारखीच. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीला तो चालतो. तिथंही एक खोच आहे: आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर, ४५ डिग्रीला ३५८. प्रोग्राममध्ये पहिलाच आकडा ठोकलेला असेल, तर दुपारी मीटरभर अंतरात चार सेंटिमीटरची चूक येते. पाणी न भरता टाकी भरल्यासारखी दिसते.

दुसरा विचार दोन तारांचा: पाण्यात दोन टोकं, मधून वीज गेली की पाणी आहे. तांब्याच्या तारा लावून सतत ३.३ व्होल्ट दिले, तर आठवडाभरात एक टोक हिरवं होऊन झिजतं आणि दुसऱ्यावर बुडबुडे जमतात. शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोग तो हाच. त्यासाठी स्टीलच्या जुन्या चमच्यांचे दोन दांडे कापून घ्यावेत. स्टीलवर साधा सोल्डर बसत नाही. नेहमीचा फ्लक्स कितीही लावा, थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. म्हणून दांड्याला भोक पाडून नट-बोल्टनं तार कसायची आणि तो सांधा पाण्याच्या वर ठेवायचा. दोन्ही दांडे प्लास्टिकच्या पट्टीवर बोटभर अंतरानं, कूलरच्या पत्र्याला कुठेही न टेकता. एका दांड्याला ईएसपी३२ ची ३२ नंबरची पिन १ किलोओहममधून, दुसऱ्याला ३३ नंबरची पिन, आणि ३३ वरून जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या जीएनडी पिनला, १० किलोओहम. मिनिटातून एकदा ३२ ला फक्त १० मिलिसेकंद वीज द्यायची, तेवढ्यात ३३ वाचायची, आणि बंद. दिवसातून पाण्यात वीज खेळते ती एकूण १४ सेकंद. दांडे उन्हाळाभर तग धरतात.

झिजत नाहीत म्हणून विसरू मात्र नये. बोअरचं पाणी जड. कूलर पाणी उडवतो, क्षार मागे ठेवतो. रोज वरून भर घातली की टाकीतलं पाणी दिवसागणिक खारट होत जातं. पंधरा दिवसांत दांड्यांवर पांढरं पुट चढतं, वीज जाईनाशी होते आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना सर्किट पंप बंद करतं. लिंबाची फोड घासली की पुन्हा शहाणं होतं. आठवड्यातून एकदा सगळं पाणी सोडून दिलं तर ताट्याही जास्त टिकतात. आणि खरं सांगायचं तर टाकी भरत राहायला नळाशी जोडलेला बॉल कॉक पुरतो. त्याला ना प्रोग्राम लागतो ना पिन नंबर. सर्किटाचं काम फक्त नळच कोरडा असलेल्या रात्रीचं.

या प्रयोगात एका जागी हयगय चालत नाही. पंपाचं इन्सुलेशन फुटलं तर टाकीतल्या पाण्यात फेज उतरतो, आणि आपण त्याच पाण्यात दोन दांडे सोडून ते बोर्डाला जोडलेले असतात. कूलरला अर्थिंग आणि घराला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), या दोन गोष्टी आधी. त्या नसतील तर दांडे सोडू नयेत. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावं. कूलरला जोडलेला बोर्ड लॅपटॉपला लावून प्रोग्राम भरायचा मोह होतो. त्याआधी कूलरचा प्लग सॉकेटातून उपसावा. बटन बंद केलंय, एवढं पुरत नाही.

वावरातल्या मातीचा सेन्सर हा वेगळाच विषय. एवढंच सांगतो की काळी जमीन सुकताना भेगाळते, सेन्सर नेमका भेगेत लोंबकळतो आणि शेजारची माती ओली असताना 'कोरडं' म्हणून बोंब मारतो. भेगा पडू लागल्या की तो काढून पुन्हा खोचावा लागतो.

डबीचं सांगायला हवं. सर्किट बंद डबीत घालून पश्चिमेच्या भिंतीवर लावलं की आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शिजतो. दर १० डिग्री वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. घेताना अंगावर १०५ डिग्री छापलेला घ्यावा. लिथियम सेलची अट आणखी कडक. ४५ डिग्रीच्या वर तो चार्ज करायचा नसतो, आणि सौर पॅनेल त्याला चार्ज करायला निघतं ते नेमकं भर दुपारी. अशा वेळी सेल खाली, मातीच्या भिंतीच्या सावलीला, आणि चार्जिंगचा प्रवाह कमी: टीपी४०५६ या चार्जिंगच्या बोर्डावर १.२ किलोओहमच्या जागी २.४ किलोओहम लावला की १ ॲम्पिअरचा अर्धा होतो. डबीची भोकं खालच्या बाजूला असावीत आणि त्यांवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवावा. नाहीतर कुंभारीण माशी दोन दिवसांत त्यात मातीचं घर बांधते आणि काळ्या मुंग्या थेट बोर्डावर संसार थाटतात.

मृगाच्या पहिल्या दोन सरी झाल्या की डीएचटी११ सुद्धा पुन्हा खरं बोलू लागतो आणि कूलर ओसरीत, ताडपत्रीखाली जातो. बोर्ड काढताना कोणती तार कोणत्या पिनला होती ते कागदाच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहून डबीच्या झाकणाला आतून लावावं. पिवळी ३२, हिरवी ३३, काळी जमीन. मार्चमध्ये झाकण उघडतं, तेव्हा पहिल्यांदा तेच वाचलं जातं, आणि मग स्क्रीनवर पुन्हा ८५.